माझा भाऊ जिवंत आहे

उमुन्केलू
२४ जुलै १९८३

प्रिय आत्या,

तुला आणि आतोबांना माझा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? पाम तेल कोमट करून चोळतेस ना? तुझ्या सुना, नातवंडं, शेळ्या सगळी सुखरूप असतील असं धरून चालते. अक्षरं मुद्दाम मोठी काढते आहे, म्हणजे तुला बोट ठेवून वाचता येईल. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुझी तू वाचतेस हे मला फार आवडतं.

इकडे कणसं भरपूर आली आहेत. उबेची फळंसुद्धा झाडावर काळी पडायला लागली आहेत. शाळेला सुट्टी लागली. हेडमास्तरांनी माझा वर्ग सगळ्यांत स्वच्छ होता असं म्हटलं, पण ते बहुतेक सगळ्यांनाच म्हणाले असावेत.

आई गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून टॅक्सीने घरी आली. दिवेलागणीची वेळ होती. टॅक्सी थेट अंगणात आली, त्यामुळे अर्ध्या गावाने पाहिलं. बाबांच्या खोलीला आता जाड पडदा लावला आहे. भेटायला कुणाला आत सोडत नाहीत. जेवण आत जातं आणि भांडं रिकामं बाहेर येतं. इलोझुए काका म्हणतात, बाबांना आता आराम आहे.

काका इथे शेजारीच बसले आहेत. म्हणतात, "सणाचं नीट लिही. बाकी पाल्हाळ नको."

तर सणाचं असं. नव्या याम कंदांचा सण आला की बाबांच्या शपथेला वर्ष होईल. गेल्या सणाला आला देवीच्या ठाण्यापाशी बाबा शपथेचं पाणी प्यायले तेव्हा तू माझ्या मागेच उभी होतीस. ठाण्याच्या पुजारी न्नाग्बो आजोबांनी ओफोचा पवित्र दांडा जमिनीवर आपटला. बाबा म्हणाले, ओढ्याकाठची जमीन आमची आहे, बांधावरचं ओगिरिसीचं झाड माझ्या बापाने जिथे लावलं तिथेच आहे. खोटं बोलत असेन तर पुढचा याम माझ्या तोंडी लागू नये. पलीकडे त्याच जमिनीवर हक्क सांगणारा ओबिदिग्बो हाताची घडी घालून उभा होता. तेव्हापासून आमच्या घरात कुणी शिंकलं तरी आई दार लावून घ्यायची.

वर्ष पुरं झाल्यावर शपथ घेणाऱ्याने स्वतः ठाण्यापाशी जायचं असतं. तो आजारी असेल तर घराण्यातली थोरली लेक त्याच्या वतीने जाते. अंगाला पांढरी माती लावून आला देवीला सांगते, माझा भाऊ जिवंत आहे. मग जमीन आपली होते आणि माहेरवाशिणी नाचतात. काका म्हणतात, बाबांना चालवणार नाही, तेव्हा तू यायचंस. आधी यायची गरज नाही. रस्ता खराब आहे, तुझा गुडघा दुखतो. सणाच्या सकाळीच ये आणि घरी न थांबता थेट ठाण्यापाशी ये. पांढरी माती काका आणून ठेवतील.

काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झकास. शिकवल्याचं सार्थक झालं."

तुझीच,
उझोआमाका

*

उमुन्केलू
४ ऑगस्ट १९८३

प्रिय आत्या,

मासळीवालीच्या हाती तुझं पत्र मिळालं. तुझ्या हातचं पहिलं पत्र. अक्षरं थोडी ओळीखाली उतरली आहेत, पण एकही चूक नाही. सुट्टीत मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून कोळशाने फरशीवर तुला अक्षरं गिरवायला लावायची, तेव्हा तू म्हणायचीस, "मेले, या वयात मी कुणाला पत्र लिहिणार?" आणि लिहिलंस ते हे एकच वाक्य. माझा भाऊ माझ्याशी का बोलत नाही?

मी ते पत्र उशीखाली ठेवलं होतं. मग काढलं आणि ट्रंकेत ठेवलं. तिथेही ठेववेना.

काका म्हणतात, लिही की बाबांना बोलायची मनाई आहे. म्हणून लिहिलं.

ओबिदिग्बो रोज येतो. कधी कोलाफळ घेऊन येतो, कधी ताडीचा भोपळा, पण येतो. अंगणात फणसाखाली बसतो आणि पडद्याकडे बघत बाबांना नावाने हाक मारतो, "न्वोकेदी! अरे ए न्वोकेदी! वाळलास का चांगला झालास?" मग आतून खोकला येतो. ओबिदिग्बो मान हलवतो. "खोकतोय बरा. आवाजात जोर आहे." आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणते, "तुम्हाला काय वाटलं, मेला का काय?" ओबिदिग्बो हसतो. "वहिनी, माझं वाटणं मी आलावर सोडलंय. तीच बघेल. नवा याम त्याच्या तोंडात जाताना मला बघू दे, मग मीच त्याला पाठीवर घेऊन नाचीन."

मला त्याची चीड यायला हवी. पण येत नाही. परवा जाताना तो माझ्यापाशी थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "पोरी, तू नीट जेवत नाहीस वाटतं. तुझा बाप नि मी एकाच ओढ्यात पोहायला शिकलो. भांडण जमिनीचं आहे."  मी भांडं उचललं आणि आत गेले.

सुट्टीतल्या शिकवणीला आलेली मुलं मला विचारतात, बाई, तुमचे बाबा बरे आहेत का? मी म्हणते, सगळ्यांनी वही काढा.

रविवारी मी चर्चमध्ये कन्फेशनला, पापं कबूल करायला, गेले नाही. धर्म शिकवणाऱ्या कॅटेकिस्टने विचारलं तर म्हटलं डोकं दुखतं. डोकं खरंच दुखत होतं, त्यामुळे ते खोटं नव्हतं. हल्ली मी अशी वाक्यं शोधून काढते. खोटं नाही आणि खरंही नाही अशी. आत्या, मागचं पत्र तुझ्याकडे असेल तर पुन्हा वाच. सावकाश वाच.

एक गोष्ट सांगायची आहे आणि ती कशी सांगावी मला कळत नाही. काल ऊन उतरल्यावर मी काकांबरोबर अंगणात उभी होते. यामच्या कोठारावरचं छप्पर गळतं, ते काका मला दाखवत होते. त्यांचा हात वर होता, छपराकडे. तेवढ्यात पडद्यामागून खोकला आला. आधी दोन छोटे, मग तो लांब ओढलेला, शेवटी घसा खाकरल्यासारखा. काकांचा हात तसाच वर राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे. चुलीपाशी आई होती, तिने ऐकलं आणि विस्तव फुंकत राहिली. तिला वाटलं काका आत आहेत.

एवढंच. यात तुला काही विशेष वाटणार नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

काका म्हणतात, आत्याला लिही, सणाआधी येऊ नको. लिहिलं.

तुझी,
उझोआमाका

*

उमुन्केलू, शाळेतून
९ ऑगस्ट १९८३

आत्या,

आधी बस. घरात कुणी असेल तर त्यांना बाहेर पाठव, नाहीतर हे पत्र कमरेला खोचून शेताकडे जा आणि तिथे वाच.

बाबा नाहीत.

ते हॉस्पिटलमध्येच गेले, मी पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. आई नि मी दोघी त्यांच्यापाशी होतो. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरांनी आम्हाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ते अजून तिथल्या शवागारात आहेत. काकांनी तिथल्या माणसाला सांगितलं की सण झाल्यावर नेऊ.

टॅक्सीतून आईबरोबर उतरले ते काका होते. बाबांची निळी गोधडी डोक्यावरून घेऊन, आईच्या खांद्यावर भार टाकून. पडद्यामागे काका असतात. जेवण तेच जेवतात. ओबिदिग्बोने हाक मारली की तेच खोकतात. मागच्या दाराने केळीतून बाहेर पडतात आणि पुढून येतात, डोक्याला रुमाल बांधून, आत्ताच बाजारातून आल्यासारखे. आता तुला कळेल, त्या दिवशी अंगणात त्यांचा हात वर का राहिला.

तो खोकला कुणाचा होता हे मला माहीत नाही. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकले आहे. मी फक्त ऐकलं ते लिहिते.

बाबा गेले त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काका आईला म्हणाले, "वहिनी, तोंड मिट. इथे एक हुंदका बाहेर पडला तर संपलं सगळं." मग त्यांनी मला बाजूला घेतलं. ते रडत होते, आत्या. तोंडात रुमाल कोंबून रडत होते. म्हणाले, "वर्षाच्या आत मेला म्हणजे खोटी शपथ. गाव त्याला घराच्या मातीत पुरू देईल का? वाईट रानात फेकतील. माझ्या भावाला. वर माती नाही, नगारा नाही, बायकोने केस कापायचे नाहीत, तुम्ही पोरींनी रडायचंसुद्धा नाही. सण काय, म्हणता म्हणता येईल. तेवढा वेळ त्याला जिवंत ठेवू. मग नंतर मरू दे त्याला. मानाने मरू दे."

मला ते पटलं. तू मला चांगली ओळखतेस. मी साबणाची वडी कुणाला न विचारता वापरली तर दोन दिवस तोंड चुकवते. पण बाबांना रानात फेकलेलं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला ते पटलं.

मग काका म्हणाले, ठाण्यापाशी थोरलीने यायला हवं.

"पण आत्याला तर माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच. माहीत नसलेला माणूस खोटं बोलत नसतो. तिला जे वाटतं तेच ती बोलणार. आलाला मन दिसतं ना? तिला म्हाताऱ्या बाईचं स्वच्छ मन दिसेल."

"मग खोटं कुणाचं?"

"कुणाचंच नाही. तू फक्त पत्र लिहायचंस. एवढं शिकलीस, एवढं कळू नये?"

मी खूप विचार केला. काकांच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते मला बरेच दिवस सापडलं नाही. आता सापडली असं वाटतं. माहीत नसताना बोलशील ते खोटं नसेल. पण कळल्यावर काय? आज ना उद्या तुला कळेलच. आपण मेलेल्या भावाच्या नावाने देवीला, तो जिवंत आहे, असं सांगितलं, हे तुला कळेल. मग तू जिवंत राहशील तोवर तुला पडद्यामागून काय काय ऐकू येईल, ते मी आता जाणते.

काकांची तब्येत बरी नाही. आधी ते खोकायचे नाटक करून, बाबांसारखं, लांब ओढून. आता त्यांना थांबवता येत नाही. ओबिदिग्बो गेला तरी थांबत नाही. काल आईने त्यांना कडू पानांचा रस्सा दिला तर त्यांनी भांडं बाजूला सारलं आणि म्हणाले, "त्या खोलीत मी आता झोपणार नाही." आईने विचारलं, "का?" तर म्हणाले, "तिथे जागा नाही."

मी न्नाग्बो आजोबांकडे गेले होते. कोलाफळं नेली. ते दारात बसून तंबाखू कुटत होते. मी विचारलं, "आजोबा, एकदा प्यायलेली शपथ उचलता येते का?"

"कुणाची?"

"कुणाचीही. सहज विचारते. शाळेत मुलांना सांगायला."

"हं. शाळेत." ते कुटत राहिले. "दोन्ही घरं मिळून बकरा घेऊन आली तर येते. माणूस जिवंत असेतो."

"आणि नसला तर?"

"नसला तर भाऊ मागू शकत नाही, मुलगा मागू शकत नाही. फक्त त्या घराण्याच्या लेकी मागू शकतात. सगळ्या मिळून येऊन अंगणात बसल्या तर. त्यांना उठवायची कुणाची छाती नाही. पण मागितलं म्हणजे मिळतंच असं नाही, पोरी. समोरच्या घरानेही ऐकावं लागतं." मग त्यांनी चिमूट नाकात ओढली आणि डोळे पुसले. "तुझ्या बापाचा खोकला मी तो रांगत होता तेव्हापासून ऐकतोय. इलोझुएला म्हणावं, शेवटचा आवाज जमत नाही त्याला."

मी त्यांच्या पाया पडले आणि घरी पळत आले.

आत्या, अजून एक आहे. हे मी सगळ्यांत शेवटी ठेवलं.

बाबांनी तुझं नाव घेतलं. दोनदा म्हणाले, ताई आली का? आईने सांगितलं, वाटेवर आहे. तुला कुणी निरोपसुद्धा पाठवला नव्हता. काका म्हणत होते, उगाच गवगवा होईल.  मग बाबा म्हणाले, "ताईला विचारायला हवं होतं."

काय विचारायचं, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. गेल्या वर्षी भावकीची बैठक बसली तेव्हा तुम्ही माहेरवाशिणी आला होतात. तू उभी राहून म्हणालीस, "आम्ही त्या ओगिरिसीखाली सरपण गोळा करत मोठ्या झालो. आम्हाला जमिनीत वाटा नाही, म्हणून आमचं तोंड कुणाच्या बाजूला वळत नाही. झाड कुठे होतं ते आम्हाला विचारा." ओबिदिग्बो म्हणाला, "तुम्ही सासरी गेलात तेव्हा ते रोपटं होतं, आजीबाई." सगळे पुरुष हसले. आणि बाबा काय म्हणाले ते तुला आठवतं. मीही तिथे होते. ते म्हणाले, "ताई, बस तू. मी शपथ घेतो, संपलं."

दोन्ही बाजूच्या पुरुषांनी मिळून तुला खाली बसवलं. तू बसलीस. शपथेच्या दिवशी तू माझ्या मागे उभी होतीस आणि एकदाही झाडाकडे बघितलं नाहीस.

बाबा खरं बोलले की खोटं, हे मला माहीत नाही. त्यांना तरी माहीत होतं का? त्यांचे वडील गेले तेव्हा ते लहानच होते. जे ऐकलं ते बोलले असतील. झाड कुठे होतं हे तुला माहीत आहे. तेव्हा तुला कुणी विचारलं नाही. आता मी विचारते. उत्तर मला नको, ते अंगणात सगळ्यांसमोर दे. झाड आपल्या बाजूला असेल तर तसं सांग. ओबिदिग्बोच्या बाजूला असेल तर तेही सांग. जमीन गेली तर जाऊ दे. काका मला घराबाहेर काढतील, आईही कदाचित माझ्याशी बोलणार नाही. पण दोन्ही घरांनी तुझं ऐकलं, तर शपथ उचलता येईल आणि बाबांना त्यांच्या आईशेजारी पुरता येईल. नाही ऐकलं तर रान आहेच. ते मी डोळे मिटून सोसू शकत नाही, उघडे ठेवून कदाचित सोसेन.

म्हणून सणाला येऊ नकोस. त्याआधी ये. पांढरी माती लावून येऊ नकोस. सगळ्या माहेरवाशिणींना घेऊन ये, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनाही.

हे पत्र पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवावं लागेल. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकल्याशिवाय सोडत नाहीत. मागच्या वेळेसारखंच कागदाकडे बघत मी त्यांना दुसरंच काहीतरी वाचीन, रस्ता, गुडघा, सणाची सकाळ. हे शेवटचं खोटं असेल असं मी म्हणणार होते. पण म्हणत नाही. मला आता माझा भरवसा नाही.

घरात अजून कुणी रडलेलं नाही. आई दिवसभर घासलेलीच भांडी पुन्हा घासते. मी वर्गात येऊन बसते, बाकांची धूळ पुसते. पहिला हंबरडा थोरल्या लेकीने फोडायचा असतो, तोवर बाकीच्यांनी गप्प राहायचं, असं तूच मला लहानपणी सांगितलं होतंस. तेव्हा मला वाटलं होतं, हा मान आहे. आता कळतं की ही परवानगी आहे, आणि आम्हाला ती कुणी दिलेली नाही.

तू घरापर्यंत येईतो थांबू नकोस. वेशीपाशी पोचलीस की तिथूनच मोठ्याने रडत ये. बाबांचं नाव घेऊन रडत ये. ओबिदिग्बो ऐकेल, न्नाग्बो आजोबा ऐकतील, काका पडद्यामागे ऐकतील. मग कुणाला काही सांगावं लागणार नाही.

मी तो पडदा काढून ठेवते.

तुझ्या भावामागे राहिलेली,
उझोआमाका